बिनअल्कोहोल अत्तर दुधाळ होऊ नये म्हणून
नॅनोइमल्शन पद्धतीने, म्हणजे सुगंधी तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात पसरवून, बनवलेले अत्तर पहिल्या दिवशी निळसर झाक असलेले पारदर्शक दिसते आणि काही दिवसांत दुधाळ होते, तेव्हा अनेकजण पॉलिसॉर्बेट ८० (तेल-पाणी एकत्र धरणारा पदार्थ) वाढवतात. त्याने बहुधा मनगटावरचा चिकटपणा तेवढा वाढतो. खरे कारण बरेचदा निराळे असते. लवंगतेलातील युजेनॉलसारखे घटक पाण्यात किंचित विरघळत असल्याने ते शंभर नॅनोमीटरहून लहान थेंबांतून निसटून मोठ्या थेंबांत जमा होत राहतात; मोठे थेंब वाढत गेले की अत्तर दुधाळ दिसते. म्हणून पाणी घालण्यापूर्वीच सुगंधी तेलात, पाण्यात जवळपास न विरघळणारे, वासरहित एमसीटी तेल (मध्यम साखळीच्या मेदाम्लांचे तेल) मिसळावे; ते लहान थेंबांतच टिकून हे निसटणे रोखते. निम्म्या-निम्म्या प्रमाणापासून सुरुवात करणे बरे. पाण्यामुळे जंतुरोधक परिरक्षक हवाच. बाटली रोज काळ्या कागदासमोर धरून पाहिल्यास गढूळपणा लवकर लक्षात येतो.