जागा मोठी की हात? किनाऱ्यावरून गरवताना या चुका टाळा

लाटांमध्ये गळ टाकणारी दोन माणसं भेटली की हा वाद निघतोच: जागा महत्त्वाची की तंत्र? माझं उत्तर वीस वर्षांत बदललेलं नाही. आधी जागा. ज्या पाण्यात मासाच नाही, तिथं कितीही सुंदर फेकलं तरी गळ रिकामा येणार. पण नकाशावरच्या खुणेला मी जागा म्हणत नाही. वाळूच्या किनाऱ्यावरची जागा आज इथं तर महिन्याने पन्नास पावलं पलीकडे असते, आणि एकाच भरतीत पुढे-मागे सरकते. ती नजरेने ओळखणं हेच या छंदातलं पहिलं तंत्र. नवे लोक नेमकं तेच सोडून देतात आणि बाकी सगळं शिकत बसतात.

पोहोचल्या पोहोचल्या जिवाच्या आकांताने लांब फेकणं

ही चूक मला सर्वांत जास्त खुपते, कारण ती करणारी माणसं मेहनती असतात आणि त्यांची सगळी मेहनत माशांच्या पलीकडे जाऊन पडते.

वरून सपाट दिसणारा किनारा पाण्याखाली सपाट नसतो. बऱ्याच ठिकाणी किनाऱ्याला समांतर वाळूचा एक बांध असतो आणि बांध व कोरडी वाळू यांच्यामध्ये चर असतो. लाट तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीच्या पाण्यात आली की फुटते. म्हणजे मीटरभर उंचीची लाट जिथं फुटते, तिथं खाली जेमतेम सव्वा मीटर पाणी आहे. फेसाचा पट्टा हा बांध. फेस विरून पाणी काळसर, गुळगुळीत दिसायला लागलं की तो चर. लाटा बांधावरची वाळू उकरतात, त्यातले किडे, छोटे खेकडे, शिंपले मोकळे होतात आणि वाहत चरात येतात. मासे त्यांच्या मागे येतात, कधी कधी किनाऱ्यापासून अवघ्या दहा-पंधरा मीटरवर.

एका पहाटे माझ्या डावीकडे एक तरुण उभा होता. लांब रॉड, उत्तम रील आणि फेक तर अशी की मी बघत राहिलो. शिसं, म्हणजे दोऱ्याला बांधलेलं वजन, सहज शंभर मीटरवर पडत होतं. तीन तासांत त्याला एकही ओढ लागली नाही. माझ्या पिशवीत तोवर चार मासे होते. शेवटी तो आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही आमिष कुठलं लावता?" आमिष त्याचं नि माझं एकच होतं. मी त्याला तो उभा होता ती जागा दाखवली. गुडघाभर पाण्यात, बरोबर चरात! मासे जिथं चरायला येणार तिथं तो पाय रोवून उभा होता आणि आमिष बांधाच्याही पलीकडे टाकत होता. त्याला दहा पावलं मागे, कोरड्या वाळूवर घेतलं आणि मनगटाच्या झटक्याने टाकायला सांगितलं, फार तर पंधरा मीटर. त्याचा विश्वास बसत नव्हता हे चेहऱ्यावर दिसत होतं. दुसऱ्याच फेकीला रॉडचं टोक वाकलं.

लांब फेकण्याची गरज कधीच नसते असं नाही. पाणी ओसरून चर उथळ झाला की मासे बांधाबाहेर जातात, मग तिथवर पोहोचावंच लागतं. पण माझी सवय ठरलेली आहे: पहिली वीस मिनिटं रॉड हातात घेत नाही. उंचवट्यावर उभा राहून लाटा कुठं फुटतात आणि कुठं न फुटता आत येतात, ते बघतो. बांधाला जिथं खिंड पडलेली असते, तिथून पाणी समुद्रात परत जातं. गढूळ पट्टा बाहेर जाताना दिसतो आणि दोन्ही बाजूंच्या मानाने तिथं लाटा कमी फुटतात. त्या खिंडीच्या कडा मला सर्वांत आवडतात. मात्र त्या पाण्यात पाय घालू नका, ते माणसालाही ओढून नेतं. पहिली फेक जवळ, मग थोडी लांब, मग आणखी. वीस-पंचवीस मिनिटांत काहीच हालचाल नसेल तर तीस पावलं सरकतो. एकाच ठिकाणी रॉड रोवून चार तास बसणाऱ्याला लोक संयमी म्हणतात. मला तो आळस वाटतो.

गेल्या रविवारची जागा

"मला फक्त जागा सांगा" असं म्हणणाऱ्यांना मी आता एकच प्रश्न विचारतो: भरतीच्या कितव्या तासाची? दिवसातून दोन भरत्या येणाऱ्या किनाऱ्यावर भरतीची वेळ रोज सरासरी 50 मिनिटांनी पुढे जाते. सात दिवसांत ती जवळजवळ सहा तासांनी सरकते. गेल्या रविवारी सकाळी सहाला पूर्ण भरतीत मासे मिळाले असतील, तर या रविवारी सहाला तिथं ओहोटीचा तळ असेल. शिवाय उधाण असेल तर आठवड्याने भांग येतो, म्हणजे पाण्याचा चढउतारही कमी. जागा तीच, वेळ तीच, पाणी मात्र पूर्ण वेगळं.

आणि जागाही तीच राहते असं नाही, हा धडा मला वादळानंतर मिळाला. एका चराने मला अख्खा मोसम मासे दिले होते. वादळ सरल्यावर मी सलग दोन पहाटे तिथंच उभा राहिलो आणि दोन्ही वेळा रिकाम्या हाताने परतलो. तिसऱ्या दिवशी ओहोटीला चालत गेलो, तर चर वाळूने पार बुजलेला. तेव्हापासून मोठ्या लाटा येऊन गेल्या की आधी ओहोटीला, उधाणाची असेल तर उत्तमच, रॉडशिवाय फेरी मारतो. खळगे बघतो आणि किनाऱ्यावरच्या न हलणाऱ्या खुणांशी जुळवून फोटो काढून ठेवतो. कंटाळवाणं काम आहे खरं, पण याला पर्याय मला सापडलेला नाही.

जड शिसं, बारीक तंगूस आणि मधे काहीच नाही

इथं मी चिडतो, कारण या आळसाची किंमत दुसरा मोजतो. तंगूस म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा. 15 पौंड ताण सोसणाऱ्या तंगुसाला थेट 140 ग्रॅमचं शिसं बांधून पूर्ण ताकदीने फेकलं, तर तंगूस फेकीच्या मधेच तुटू शकतो आणि शिसं गोळीसारखं सुटतं. माझ्या डोळ्यांदेखत असं एक शिसं किनाऱ्यावर चालणाऱ्या माणसापासून चार पावलांवर वाळूत घुसलं. गाठ मारायला पाच मिनिटं लागतात, तेवढी वाचवली होती.

शॉक लीडर लावा, म्हणजे तंगूस आणि शिसं यांच्यामध्ये जाड, मजबूत तंगुसाचा तुकडा जोडा. लीडरच्या ताकदीसाठी दर 28 ग्रॅम वजनामागे 10 पौंड हा जुना हिशोब आहे, म्हणजे 140 ग्रॅमला 50 पौंड. लांबी इतकी ठेवा की फेकायच्या तयारीत शिसं लोंबत असतानाही लीडरचे पाच-सहा वेढे रीलवर उरतील. गाठ आवळण्याआधी ओली करा, आणि लीडरवर बोट फिरवताना खरखरीत लागलं तर तो भाग कापून टाका.

जागा बरोबर सापडली की मग हात मोठा ठरतो. एकाच चरात शेजारी उभ्या दोघांपैकी एकालाच मासे लागतात, ते पुढच्या गोष्टींमुळे.

गोल शिसं लाटांत लोळत जातं. वाळूत पिरॅमिडच्या आकाराचं किंवा तारांचे पाय असलेलं घ्या.

आमिष लवचिक दोऱ्याने बांधा, पण गळाचं टोक उघडं राहू द्या. वीस मिनिटांनी काढून बघा. धुऊन निघालेल्या आमिषावर तासभर आशा लावून बसणारे खूप पाहिलेत.

सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ, असेल तर झटका मारू नका. तंगूस ताणला जाईपर्यंत शांतपणे रील फिरवा, गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो.

ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढतो तेव्हा तंगूस सोडणारी रीलची पकड, तंगुसाच्या ताकदीच्या पाव हिश्शावर ठेवा, आणि रॉड वाकवून ती तपासा.

समुद्राकडे पाठ कधीच करू नका, आमिष लावतानासुद्धा.

आणि मासा अगदी पायाशी आला की घाई करू नका. सर्वांत जास्त मासे तिथंच सुटतात. लाट परत फिरताना मासा पाण्याच्या वजनासकट मागे खेचला जातो. तेव्हा ओढलं की गळ तोंड फाडून निघतो किंवा तंगूस तुटतो. त्या वेळी नुसतं धरून ठेवा, लागलं तर थोडा तंगूस सोडा. पुढची लाट आली की तिच्याबरोबर मागे चालत जा, ती माशाला स्वतःच वर आणते. पाणी ओसरून तो ओल्या वाळूवर पडला की मगच रॉड खाली ठेवून त्याच्याकडे जा.