पडद्याच्या ऑपरेशनआधी नाक दाखवून घ्या

कानाच्या पडद्याचं ऑपरेशन ठरलं की रिपोर्ट, पैसे, सोबतीचं माणूस हे तुम्ही बघालच. त्याआधी नाक दाखवून घ्या. माझ्या पहिल्या ऑपरेशनच्या वेळी ते राहिलं आणि बसवलेला पडदा टिकला नाही. मधल्या कानात हवा खेळते ती नाकाच्या मागून जाणाऱ्या नळीतून. नाकाचं हाड वाकडं, सर्दी कायमची, तर ती नळी नीट उघडत नाही, आतला दाब कमी होतो आणि नवा पडदा आत ओढला जातो. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतींना बुरशी येते, गोधड्या दमट राहतात, ॲलर्जीवाल्यांच्या शिंका थांबत नाहीत. घाई नसेल तर दिवाळीनंतरची तारीख मागा. तोवर डॉक्टरांनी दिलेला नाकातला फवारा रोज मारायचा. रोज म्हणजे रोज.

कान कोरडा हवा, वाहता असेल तर आधी औषध. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा घाला. विहिरीत, खाडीत बुडी नको. घरात कुणी लसूण घालून कढवलेलं तेल आणलं तर थेंबही कानात जाऊ देऊ नका. विडी-सिगारेट आजच बंद, धुरानं पडदा जुळून येत नाही. शुगर आटोक्यात. रक्त पातळ करायची गोळी असेल तर डॉक्टरांना सांगा, परस्पर बंद करू नका.

पडद्याला भोक केवढं आणि कुठे आहे ते विचारा. मोठं किंवा पुढच्या कडेचं भोक बुजायला अवघड. अशा वेळी नवा पडदा करायला कानशिलाच्या स्नायूवरच्या पातळ आवरणाऐवजी कधी कानाची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, वापरतात. दुसरा कानही तपासून घ्या. तोही वाहत असेल तर दोष बहुधा नळीचाच, म्हणजे परत नाकच बघा!

ऑपरेशननंतर नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. कोल्हापूरहून आंबा घाट उतरताना कानाला दडे बसतात. नाक दाबून हवा मारू नका, नुसता आवंढा गिळा. हवा मारल्याच्या त्या एका जोरानं पडदा जागचा हलू शकतो.

ओझं नको, शौचाला कुंथणं नको. पाणी आणि विमान डॉक्टर सांगतील तेव्हा. टाके, ड्रॉप्स, तपासणीच्या तारखा चुकवू नका. ऐकण्याची चाचणी साधारण 3 महिन्यांनी. फवारा मात्र थांबवा म्हणेपर्यंत चालूच.