घराण्यातल्या जुन्या वकिलाचा माग कसा काढायचा

आमच्या घरी पणजोबांचा विषय निघाला की सगळे एवढंच सांगायचे, ते यवतमाळले वकील होते. बस. कोणत्या सालचे, बायको कुठली, काहीच नाही. मी तीन वर्षं शोधत होतो, त्यातून जे समजलं ते लिहितो, खेड्यात बसूनही बरंचसं जमते.

पहिले घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा. आमच्या आत्यानं एका दुपारी जे सांगितलं ते मला वर्षभर कागदात सापडलं नव्हतं. फोनवर रेकॉर्ड करा, मधे टोकू नका.

मग नावाचा घोळ सोडवा. जुने इंग्रजी कागद पाहाल तर यवतमाळ 'Yeotmal' अशा स्पेलिंगनं येते, अमरावती 'Amraoti', अचलपूर म्हणजे 'Ellichpur' (एलिचपूर). आणि १९०५ च्या आधी यवतमाळ जिल्ह्याचं नावच वणी जिल्हा होतं, इंग्रजीत 'वून', म्हणून यवतमाळ शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही.

'वकील' या शब्दावरही लगेच भरवसा ठेवू नका. वकिली करणाऱ्यांसाठीच्या १८७९ च्या कायद्यात प्लीडर (कोर्टात बाजू मांडणारे) वेगळे, मुखत्यार (खालच्या दर्जाचे कायद्याचे प्रतिनिधी) वेगळे, घरचे लोक सगळ्यांनाच वकीलसाहेब म्हणायचे, कधी तर अर्जनवीसालाही, म्हणजे अर्ज लिहून देणाऱ्यालाही. अपिलाचं शोधत असाल तर १९३६ च्या आधी नागपूरले हायकोर्ट नव्हतंच, ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट होतं. छापील जुन्या निकालांत कोणाकडून कोण वकील उभा होता ते नाव असते, नागपूरच्या कायद्याच्या लायब्ररीत असे खंड पाहायले मिळतात. खालच्या कोर्टात नकलेचा अर्ज करा, पूर्ण फाइल बऱ्याचदा नष्ट झालेली असते पण निकाल अन् हुकूमनामा मिळू शकते.

मधेच दोनतीन वर्षं नाव गायब झालं तर घाबरू नका. डिसेंबर १९२० मधे नागपूर काँग्रेसनं असहकाराचा ठराव केला, त्यात कोर्टावर बहिष्कार होता, कित्येकांनी वकिली सोडली. १९३० च्या जंगल सत्याग्रहातही तसंच, तेव्हा पुसदले जंगलचा कायदा मोडून अटक झालेले लोकनायक बापूजी अणे स्वतः यवतमाळचे वकील होते. म्हणजे गॅप दिसला की तुरुंगाच्या बाजूनंही पाहा.

कुटुंबासाठी तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाची नक्कल काढा, त्यात गावचे जन्ममृत्यू असतात. शाळेचं दाखलखारीज रजिस्टर पाहा. जमिनीत फरक लक्षात ठेवा, वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा, तर वर्धा-नागपूर-चांद्याकडे (आताचं चंद्रपूर) मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरायचा, म्हणून वकिलानं तिकडं शेती घेतली असेल तर मालगुजारीच्या कागदातही शोधा.

बायकांचं सगळ्यात अवघड आहे अन् त्याचंच मला जास्त वाईट वाटते. लग्नात नाव बदललं की बाई कागदातून पुसल्यासारखीच होते, पणजीचं माहेरचं नाव आमच्या घरात कोणालेच माहीत नव्हतं. तिच्या माहेरचं आडनाव शेवटी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत सापडलं, तिथं दर्शनाले गेलेल्या पिढ्यांची नावं नोंदवून ठेवतात, गाव अन् आडनाव सांगितलं की वही काढून देतात. काशी-गयेलाही तसंच आहे. मुलीच्या नातवंडांनाही विचारा, लोक मुलाचीच ओळ धरून जातात अन् अर्धं घराणं सुटते.

शेवटचं, वकिलाच्या मुन्शीचं, म्हणजे कारकुनाचं घर शोधा. तारखा, पक्षकारांची नावं, फी, सगळं त्याच्या वहीत असायचं. आमच्या पणजोबांच्या मुन्शीच्या नातवाकडे माळ्यावर पेटीत अशी वही निघाली, अर्धी मोडी लिपीत, वाळवीनं एक कोपरा खाल्लेला. मोडी वाचणारा माणूस नंतर शोधा, आधी एकेका पानाचा फोटो उजेडात काढून घ्या, अन् हे दिवाळीच्या साफसफाईआधी करा कारण अशा पेट्या तेव्हाच भंगारात जातात.