टेराहर्ट्झ होलोग्राफीत यायचंय? आधी कॅमेऱ्याचे पिक्सेल मोजा

टेराहर्ट्झ म्हटलं की विमानतळावरचा स्कॅनर आठवतो आणि होलोग्राफी म्हटलं की हवेत तरंगणारी त्रिमित आकृती. या विषयात पीएचडी करायचा विचार असेल तर दोन्ही चित्रं बाजूला ठेवा. आमचा होलोग्राम म्हणजे पडद्यावरचा एक करडा चौकोन, त्यात वर्तुळाकार पट्टे आणि मधोमध एक धूसर डाग. वस्तू कशी दिसते हे त्यातून गणित करून काढावं लागतं. रोजचं काम निम्मं आरसे जुळवण्याचं आणि निम्मं पायथॉनचं, हे आधीच सांगितलेलं बरं.

टेराहर्ट्झ म्हणजे मायक्रोवेव्ह आणि अवरक्त किरण यांच्या मधला वारंवारतेचा पट्टा, साधारण ०.१ ते १० टेराहर्ट्झचा, म्हणजे तरंगलांबी ३ मिलिमीटर ते ३० मायक्रॉन. कागद, कापड, थर्माकोल, कोरडं प्लास्टिक यांतून हा प्रकाश आरपार जातो. धातू त्याला परतवतो आणि पाणी गिळून टाकतं. त्यामुळे ‘शरीराच्या आतलं दिसेल का?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. त्वचेतच तो संपतो. उलट एक्स-रेसारखा आयनीभवनाचा, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन उडवून देण्याचा, धोका नाही, कारण १ टेराहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा जेमतेम ४ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट असते.

होलोग्राफीची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गॅबरची, १९४७ची आणि तीही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी. लेसर तेव्हा नव्हतेच. कॅमेऱ्याला फक्त तीव्रता कळते, फेज, म्हणजे लहर आपल्या चढउताराच्या फेऱ्यात नेमकी कुठे आहे ते, कळत नाही. वस्तूवर विखुरलेली लहर आणि वस्तूला न शिवता सरळ आलेली लहर एकमेकींवर पडली की व्यतिकरणाचे पट्टे उमटतात आणि त्या पट्ट्यांत फेज दडून बसते. गॅबरची मूळ मांडणी, म्हणजे एकाच रेषेत स्रोत, वस्तू आणि कॅमेरा, आजही टेराहर्ट्झमध्ये सर्रास वापरतात. भिंग लागत नाही, हा मोठाच फायदा.

आता मुद्द्याचं गणित. नवीन विद्यार्थी आला की मी त्याला लेसरजवळ नेत नाही, आधी कागद-पेन देतो. मिथेनॉल वायूचा लेसर घ्या, कार्बन डायऑक्साइड लेसरने चालवलेला. त्याची प्रसिद्ध रेषा २.५२ टेराहर्ट्झची, तरंगलांबी सुमारे ११९ मायक्रॉन. कॅमेरा पायरोइलेक्ट्रिक, म्हणजे प्रकाशाने येणाऱ्या उष्णतेतून विद्युत संकेत देणारा, १२४ गुणिले १२४ पिक्सेलचा, दोन पिक्सेलमधलं अंतर १०० मायक्रॉन. म्हणजे सगळा सेन्सर १२.४ मिलिमीटरचा आणि एकूण पिक्सेल १५,३७६. तुमच्या फोनमध्ये कोट्यवधी असतात! बारकावा किती दिसेल, तर तरंगलांबीला वस्तू ते कॅमेरा या अंतराने गुणा आणि सेन्सरच्या रुंदीने भागा. वस्तू २० मिलिमीटरवर ठेवली तर सुमारे १९० मायक्रॉन. तीच १० सेंटीमीटरवर नेली तर जवळजवळ १ मिलिमीटर. बस, या एका भागाकारावर अख्खा प्रयोग उभा असतो. म्हणून आम्ही सगळे वस्तू कॅमेऱ्याला अगदी चिकटवायला धडपडतो आणि कॅमेऱ्याची चौकट व खिडकी आडवी येते.

यातून सुटायच्या वाटा आहेत. कॅमेरा सरकवून अनेक होलोग्राम घ्यायचे आणि जोडायचे. किंवा सेन्सरच्या कडेबाहेर पट्टे कसे गेले असते ते संगणकाकडून काढून घ्यायचं. २०१४ मध्ये चतुराच्या पंखाचं चित्र याच युक्तीने जास्त स्पष्ट केलं गेलं. तो शोधनिबंध शोधून वाचाच.

एकाच रेषेतल्या मांडणीचा त्रास म्हणजे जुळी प्रतिमा. खऱ्या वस्तूवर तिचंच बिघडलेलं भूत बसतं. ते घालवायला फेज रिट्रीव्हलची, म्हणजे हरवलेली फेज गणिताने परत मिळवण्याची, आवर्तनं चालवतात: वस्तूच्या प्रतलात जायचं, ‘कोणतीही वस्तू प्रकाश वाढवू शकत नाही’ अशी साधी अट लावायची, परत कॅमेऱ्याच्या प्रतलात यायचं, मोजलेली तीव्रता बसवायची, पुन्हा मागे. दुसरा उपाय म्हणजे संदर्भ किरण (वस्तूला न शिवता येणारा) तिरका आणणं. दृश्य प्रकाशात पिक्सेलच्या मर्यादेमुळे हा कोन थोडक्या अंशांत अडकतो. इथे तरंगलांबी मोठी असल्याने १०० मायक्रॉनच्या पिक्सेललाही ३५ अंशांपर्यंत मोकळीक मिळते. पण तिरक्या किरणाला वाट द्यायची तर वस्तू मागे सरकवावी लागते, आणि मग वरचा भागाकार पुन्हा डोकं वर काढतो. यातलं काय निवडायचं यावर लोक तावातावाने भांडतात. माझं मत: पातळ, विरळ वस्तू असेल तर गॅबरची मांडणीच बरी.

मोठ्या तरंगलांबीची एक चैन मात्र आहे. लाल हीलियम-निऑन लेसरच्या होलोग्राफीत बोळातून कोणी चाललं तरी पट्टे पुसतात. आमची तरंगलांबी त्याच्या १८८ पट, तेव्हा साधं भक्कम टेबलही चालतं. त्रास होतो तो उष्णतेचा. बोलोमीटर कॅमेऱ्यापुढे (हाही उष्णतेवर चालणारा कॅमेरा) हात नेला तर हातच चमकतो. काळ्या पॉलिथीनचा फिल्टर लावा, किरण झाकून पार्श्वभूमीची फ्रेम घ्या, वजा करा आणि पुष्कळ फ्रेमची सरासरी काढा. मुंबई-कोकणात प्रयोग करणार असाल तर पावसाळ्याची हवाही हिशेबात धरा. बाष्पाच्या शोषणरेषा या पट्ट्यात ठासून भरल्या आहेत, म्हणून किरणाचा मार्ग पेटीत बंद करून कोरडा नायट्रोजन सोडतात.

पहिला नमुना म्हणून पॉलिथीनच्या तुकड्यावर वेगवेगळ्या खोलीच्या पायऱ्या कोरून घ्या. नुसत्या तीव्रतेत पायरीची कड तेवढी दिसते, फेजच्या चित्रात प्रत्येक पायरी वेगळी उठून येते. २२० मायक्रॉनची पायरी म्हणजे फेजचा एक पूर्ण फेरा, त्यानंतर आकडा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, त्यामुळे त्याहून खोल पायऱ्यांसाठी फेज उलगडायची कसरतही शिकून होते.

यातलं बरंचसं घरी शिकता येतं. जुन्या वेबकॅमचं भिंग काढा, लेसर पॉइंटरचा प्रकाश अॅल्युमिनियम फॉइलला सुईने पाडलेल्या बारीक छिद्रातून सोडा, मध्ये काचपट्टीवर केस चिकटवा. किरणात डोळा घालू नका. मग पायथॉनमध्ये अँग्युलर स्पेक्ट्रम पद्धत (लहर एका प्रतलातून दुसऱ्यात कशी पोचते ते काढायचं गणित) स्वतः लिहा. तयार लायब्ररी वापरलीत तर मुलाखतीत पहिल्या दोन प्रश्नांत कळतं.

नोकरीचं स्पष्ट बोलू. ‘टेराहर्ट्झ होलोग्राफर’ अशी जाहिरात तुम्हाला दिसणार नाही. जागा असतात त्या रंगाच्या थराची जाडी मोजणं, संमिश्र पदार्थांची तपासणी, गोळ्यांवरचं आवरण आणि ६जीच्या आसपास. फेज रिट्रीव्हल चांगलं येत असेल तर एक्स-रे आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची दारंही उघडतात, कारण गणित तेच. भारतात नेट, गेट, जेस्ट या प्रवेशपरीक्षा किंवा टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्था) स्वतःची परीक्षा यांतून वाट आहे. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये टेराहर्ट्झवर बरीच वर्षं काम चालू आहे. परदेशी प्राध्यापकाला लिहिताना गुणपत्रिकेसोबत त्या केसाचा होलोग्राम, त्यातून काढलेलं चित्र आणि कोडची लिंक जोडा. अंतर, पिक्सेल आणि तरंगलांबी चित्राखाली लिहायला विसरू नका. वाचणारा आधी तेच बघतो.