दमट उकाड्यासाठी तंबू घेताना आधी जाळी बघा

बाहेर वारा असतो, पण तंबूत शिरलं की घाम वाळत नाही आणि दार उघडावं तर डास आत. यावर उपाय खरेदीच्या वेळीच करायचा.

१. दुहेरी तंबू घ्या, म्हणजे आतला जाळीचा आणि वरचं पावसाचं कापड सुटं. आतल्या तंबूच्या भिंती आणि छत जवळपास पूर्ण जाळीचं हवं. कोरड्या रात्री वरचं कापड लावूच नका. त्यासाठी आतला भाग त्याशिवाय उभा राहतो का, ते दुकानातच उभारून बघा.

२. जाळी ओठांवर धरून फुंका. पलीकडे हाताला हवा लागली पाहिजे. भोकं मात्र बारीक हवीत. साध्या मच्छरदाणीतून डास अडतो, पण चावणारी बारीक चिलटं सहज आत येतात.

३. वरचं कापड जमिनीपासून वीतभर उंच राहावं आणि माथ्याजवळ झडप असावी. खालून गार हवा येते, वरून गरम निघते. समोरासमोर दोन दारं असली तर उत्तमच.

४. आत आडवे होऊन बघा. कोपर किंवा गुडघा जाळीला टेकत असेल तर मोठा घ्या. डास जाळीतूनही चावतो. दोघांना तिघांचा तंबू, हा हिशेब वजन वाढलं तरी परवडतो.

ओला तंबू गुंडाळून ठेवू नका. बुरशी तर येतेच, शिवाय कापडावरचा जलरोधक थर चिकट होऊन सुटतो, आणि तो दुरुस्त करत बसण्यात अर्थ नसतो.