पॅरा, मार्कोसची तयारी करताय? आधी या चुका टाळा

शनिवारी पहाटे खारघरच्या टेकडीवर आलात, तर चाफेवाडी-फणसवाडीकडे जाणाऱ्या चढावर आठ-दहा पोरं दिसतील. पाठीवर पिट्ठू, अंगातून घामाच्या धारा. बरीचशी कामोठे-कळंबोलीची, दोन तळोज्याची, एक ठाण्याहून बाइकवर येणारा. त्यांच्या मागून रमतगमत चालणारा टकला माणूस म्हणजे मी. इन्फन्ट्रीत 17 वर्षं काढली, शेवटी शेवटी नव्या जवानांची पीटी घ्यायचो. मी स्वतः पॅरा, म्हणजे लष्कराचा छत्रीधारी कमांडो, नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण प्रत्येक नवा पोरगा पहिल्या दिवशी तेच विचारतो आणि ‘नाही’ ऐकलं की त्याचा चेहरा पडतो.

आमच्या कंपनीतला एक जण मात्र पॅराच्या प्रोबेशनला, म्हणजे तिथल्या चाळणीला, गेला होता. आख्ख्या बटालियनमध्ये त्याच्याइतका दमदार पळणारा नव्हता. दुसऱ्याच आठवड्यात आरटीयू (‘रिटर्न टू युनिट’) होऊन परत आला. आम्हाला वाटलं रगड्याला कंटाळला. त्याने बूट काढून तळवे दाखवले, तेव्हा सगळे गप्प झाले. टाचेची कातडी सोलून मोज्याला चिकटलेली. दम शिल्लक होता, पाय संपले होते. तेव्हापासून कुणी मला छातीचं माप सांगायला लागलं की मी आधी त्याचे पाय बघतो.

आता एक गोष्ट पटकन उरकतो. ‘कमांडो भरती’ नावाची भरती नसते. पॅरा एसएफ (लष्कराचे स्पेशल फोर्सेस) असो की 1987 साली उभे राहिलेले नौदलाचे मार्कोस, आधी अंगावर वर्दी चढते, मग स्वतःहून नाव द्यायचं, मग तिथली चाळणी. ‘थेट कमांडो बनवतो, तीन महिन्यांचा कोर्स’ म्हणून कुणी पैसे मागत असेल तर त्या पैशांचे चांगले बूट घ्या. तुमची सध्याची लढाई लष्कराच्या अग्निवीर भरतीच्या ग्राउंडची, म्हणजे मैदानी चाचणीची. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत मारलं तर 60 गुण, 10 बीमचे (पुल-अप्सचे) 40. ते जमण्याआधीच पॅरा एसएफच्या तीन महिन्यांच्या प्रोबेशनची रील बघून पाठीवर गोणी टाकणारे रोज भेटतात. माझं खरं डोकं फिरतं ते तिथे.

पिट्ठूत पहिल्याच दिवशी 20 किलो

कामोठ्याचा एक पोरगा होता. वीस वर्षांचा, अंगाने काटक, 1600 मीटर पाच-वीसमध्ये मारायचा, बीम सहज बारा. ग्राउंडला सहा आठवडे उरले होते. एका सकाळी आला तो पाठीवर कॉलेजची सॅक, तीत पाच-पाच किलोच्या आट्याच्या तीन पिशव्या आणि वर पाण्याच्या बाटल्या. त्यातली एक पिशवी फाटलेली. घाम आणि पीठ मिळून पाठीवर कणीक मळली गेली होती. पोरं हसली, मीही हसलो. तिथेच थांबवायला हवं होतं, ती चूक माझी.

पुढचे तीन आठवडे माझ्या नकळत तो रोज संध्याकाळी एकटाच टेकडीवर जायचा. वजन घेऊन पळत वर, आणि पळतच खाली. चौथ्या आठवड्यात सरावाला लंगडत आला. “काका, नडगी भरलीय फक्त.” स्प्रे मारून, गोळी खाऊन पळत होता. एक्स-रेही काढून आणलेला, तो माझ्यासमोर उन्हात धरून म्हणाला, “बघा, क्लिअर आहे.”

मी त्याला म्हटलं, एक्स-रे ठेव बाजूला, दुखऱ्या पायावर लंगडी घाल. एक उडी मारली, दुसऱ्या उडीला डोळ्यांत पाणी आलं, तिसरी मारलीच नाही. दुखतं कुठे ते बोटाने दाखव म्हटलं, तर त्याने बरोबर रुपयाच्या नाण्याएवढी जागा दाबली आणि ओरडला. नडगी नुसती भरून येते तेव्हा दुखणं हाडाच्या कडेने वीतभर पसरलेलं असतं, आणि पाय गरम झाला की बऱ्याचदा कमी होतं. एकाच ठिकाणी टोचणारं, पळताना वाढत जाणारं, रात्री अंथरुणातही ठणकणारं दुखणं म्हणजे हाडाला तडा गेल्याची शंका घ्यायची. असा बारीक तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेवर बहुतेक दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसला. डॉक्टरांनी दोन महिने पळणं बंद केलं. ग्राउंडच्या दिवशी तो घरी सोफ्यावर, पाय उशीवर. पुढची संधी वर्षभराने.

हे का होतं ते पोरांना सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही. दम तीन-चार आठवड्यांत वाढतो. स्नायूही बऱ्यापैकी लवकर साथ देतात. हाडाचं काम मात्र सरकारी. नवा भार पडला की ते आधी जुना भाग कोरून काढतं, मग सावकाश नवा भरतं. कोरून झालंय पण भरलेलं नाही, असा एक नाजूक काळ मध्ये येतो. नेमका त्याच वेळी पोरगा छाती फुगवून म्हणतो, आता कुठे मजा यायला लागली. त्यात उतारावर पळायचं म्हणजे प्रत्येक पावलाला सगळा भार नडगीवर आपटायचा.

“पण काका, बीपीईटीत (फौजेतल्या शारीरिक चाचणीत) पिट्ठू आणि हत्यार घेऊन 5 किलोमीटर पळतातच की!” पळतात. सेंटरमध्ये महिनोन्‌महिने उस्तादाच्या नजरेखाली घडल्यावर, बाजूला एमआय रूम, म्हणजे फौजेचा दवाखाना, असताना. तुझ्या एमआय रूमचं बिल तुझा बाप भरतो.

माझी पद्धत कुठल्या पुस्तकातली नाही, सवयीची आहे. आधी किमान दोन-तीन महिने रिकाम्या पाठीने नियमित पळणं. मग पिट्ठूत 6 किलो, आठवड्यातून एकदाच, आणि फक्त चालायचं. सपाटीवर किलोमीटरला 10 मिनिटांच्या आसपास. ऐकायला सोपं वाटतं, पाचव्या किलोमीटरला कळतं. दर दोन आठवड्यांनी एक तर 2 किलो वाढवायचे, नाही तर अंतर. दोन्ही एकाच वेळी कधीच नाही. 15 किलोच्या वर मी भरतीआधी कुणाला जाऊ देत नाही. उतारावर छोटी पावलं, गुडघे किंचित वाकलेले, शर्यत नाही. वजन म्हणून वाळू, दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत चिकटपट्टीने बंद करून, जुन्या चादरीत गुंडाळून, खांद्यांच्या पाकळ्यांमध्ये उंच बसेल अशी. तळाशी डंबेल टाकून कंबरेवर आपटत नेणारे महाभाग आहेत. त्यांच्याशी मी आता वाद घालत नाही.

घाम गाळायला रेनकोट

दुसरी चूक मी दरवर्षी मे महिन्यात बघतो, आणि तिची मला खरोखर भीती वाटते.

प्लास्टिकचा रेनकोट नाही तर जाड हुडी घालून पळायचं, कारण ‘चरबी जळते’. चरबी जळत नाही, पाणी जातं. घरी जाऊन दोन तांबे प्यायलात की वजन जागेवर. बरं, आपली नवी मुंबई खाडीकाठची. हवा इतकी दमट की घाम अंगावर नुसता साचतो, वाळत नाही. घाम वाळला तरच अंग थंड होतं. त्यावर प्लास्टिक चढवायचं म्हणजे कुकरची शिट्टी चोंदवून झाकण बसवायचं.

तीनेक वर्षांपूर्वी एका रविवारी पोरं सेंट्रल पार्कच्या बाजूने फेऱ्या मारत होती. साडेआठ वाजलेले. एक जण मागे पडला, मग रस्ता सोडून तिरपा चालायला लागला. मी हाक मारली, तर म्हणाला, “आलो, बैलं बांधून येतो.” पोरगा कळंबोलीत चौथ्या मजल्यावर राहणारा. माझ्या पोटात गोळा आला. हुडी काढली, आत प्लास्टिक! अंग ओलंचिंब, पण तापलेल्या तव्यासारखं.

एक जण बाटली त्याच्या तोंडाला लावायला निघाला, त्याला मी ढकललंच. भान हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नसतं, श्वासनळीत जातं. सावलीत आडवा केला, कपडे उतरवले. कोपऱ्यावर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, त्या भाऊंनी न विचारता गोणपाटातली बर्फाची अर्धी लादी आणून फोडली. माने-बगलेत, जांघेत बर्फ, वरून बादलीने पाणी, दोघे टॉवेलने वारा घालताहेत. मध्ये एकाने फोन करून रुग्णवाहिका बोलावली. ती यायला पंधरा-वीस मिनिटं लागली. तोवर पोरगा स्वतःचा पत्ता बरोबर सांगत होता. वाचला.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हा गैरसमज आहे. पळताना होणाऱ्या उष्माघातात अंग ओलं असू शकतं. बोलणं भरकटलं, चाल बिघडली की उष्माघातच समजा, थर्मामीटर शोधत बसू नका. आणि आधी गार करा, मग हलवा. रिक्षात कोंबून ट्रॅफिकमधून हॉस्पिटल गाठेपर्यंत गाडीत आतला भट्टा पेटलेलाच राहतो.

16 एप्रिल 2023 ला याच खारघरात महाराष्ट्र भूषणच्या सोहळ्यात उन्हाने 14 माणसं दगावली. ती पळत नव्हती, बसलेली होती. एवढं सांगूनही पुढच्या मे महिन्यात कुणीतरी हुडी घालून येतोच.

उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढे द्या. गावाहून किंवा एसीतल्या नोकरीवरून थेट येऊन पहिल्या दिवशी 10 किलोमीटर नको. पाण्याचंही तसंच. ‘फौजी पाणी पीत नाही’ म्हणणारा मूर्ख, आणि दोन तासांत चार लिटर साधं पाणी ढोसणाराही मूर्ख. घामातून मीठ जातं, नुसत्या पाण्याने रक्तातलं उरलेलंही पातळ होतं, त्यात माणूस झटके येऊन पडू शकतो. तासाच्या वर काम असेल तर मी लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी नेतो, किंवा ओआरएसची एक पुडी, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. आणि जबर रगड्यानंतर लघवी कोका-कोलाच्या रंगाची झाली तर ‘कडक झालं’ म्हणून स्टेटस टाकू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्नायू फुटून त्यांतला कचरा मूत्रपिंडात अडकत असतो.

बाकीच्या, पटापट

तोंडाला मास्क लावून ‘हाय अल्टिट्यूड’ ट्रेनिंग: मास्कमुळे श्वास अडतो, हवेतला ऑक्सिजन तेवढाच राहतो. सियाचीन ऐरोलीत येत नाही.

बीम झोके घेत मारणं. हात पूर्ण सरळ, हनुवटी वर, नाहीतर तो बीम मोजणारा मोजत नाही. मी तर मुळीच नाही.

नवे बूट ग्राउंडच्या आठवड्यात पहिल्यांदा घालणं. बूट महिनाभर आधी पायात मळले पाहिजेत. पावसाळ्यात दोन जोड मोजे, अर्ध्या वाटेत बदलायचे, नखं सरळ कापायची. पाय गरम वाटायला लागला त्याच क्षणी थांबून टेप लावायची. फोड आल्यावर लावलेली टेप म्हणजे वरातीमागून घोडं.

पावसाळ्यात पांडवकड्याच्या धबधब्यावर ‘ट्रेनिंग’. तिथे बंदी आहे आणि ती उगाच नाही.

मार्कोसवाल्यांसाठी एक, आणि इथे मला थट्टा सुचत नाही. तलावात एकट्याने श्वास कोंडण्याचा सराव करू नका. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेतले की श्वास घ्यावासा वाटणारी तलफ दबते, पण ऑक्सिजन काही वाढत नाही. माणूस धडपड न करता पाण्याखाली बेशुद्ध होतो, काठावरच्याला वाटतं मजेत आहे. नुसतं पोहायला शिका आधी. ग्राउंडवर वाघ असलेली निम्मी पोरं पाण्यात दगड असतात.

झोप. रात्री एकपर्यंत मोबाइल आणि पाचला टेकडी, हे जमत नाही. विशीत जमल्यासारखं वाटतं.

कामोठ्याचा तो पोरगा परत आला, चार महिन्यांनी, सहा किलोपासून. आता शनिवारी नव्या पोरांचे पिट्ठू तोच तपासतो. सामान मोजायचा हुकाचा काटा आम्ही झाडाच्या फांदीला टांगतो आणि प्रत्येक पिट्ठू त्यावर चढतो. बाहेरच्यांना वाटतं, वजन कमी आणणारे पकडायला. कमी कुणीच आणत नाही. गेल्या शनिवारी नऊ किलोच्या पिट्ठूचा काटा पावणेबारा दाखवत होता. बाजूच्या कप्प्यात टॉवेलात गुंडाळलेली आख्खी वीट सापडली. ठाण्याचा पोरगा. “काका, फक्त आजच्या दिवस.” वीट झाडाखाली ठेवायला लावली. येत्या शनिवारी ती त्यालाच खाली घेऊन जायची आहे, हातात धरून, चालत.