होडीच्या सागवानी कठड्याला कुठलं वॉर्निश घ्यायचं?

फायबरच्या होडीला हौसेने सागवानी कठडा बसवतात आणि मग त्यावर घरातल्या फर्निचरचं मेलामाइन पॉलिश मारतात, प्लीज हे करू नका. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि मेलामाइन कडक असल्यामुळे त्याच्याबरोबर ताणलं जात नाही, तडकतं, मग त्या बारीक चिरेतून पाणी आत शिरलं की लाकूड खालून काळं पडत जातं.

दुकानात चकाकी बघू नका, थर लवचिक आहे का आणि यूव्हीपासून, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांपासून, संरक्षण आहे का एवढं विचारा. असं वॉर्निश म्हणजे स्पार वॉर्निश, ते मुळात शिडाच्या डोलकाठीसाठी निघालं, डोलकाठी वाऱ्यात वाकते म्हणून त्यात तेल जास्त असतं. टंग ऑइल (टंग झाडाच्या बियांचं तेल) आणि फिनॉलिक रेझिनवालं मिळालं तर डोळे झाकून घ्या.

टू-पॅक पीयू, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचं पॉलियुरेथेन, जास्त टिकतं हे खरंय, पण स्क्रूच्या भोकातून किंवा सांध्यातून पाणी आत गेलं की त्याचे पापुद्रे सुटतात आणि उरलेलं खरवडून काढताना अक्षरशः जीव जातो. स्पारचं तसं नाही, खराब झालं तेवढंच घासा, वर कोट मारा, झालं. बारा महिने उन्हात असणाऱ्या होडीला मी तरी स्पारच सांगेन. टीक ऑइल लावायला सोपं, पण परत परत लावत बसावं लागतं.

सागवान तेलकट असतं, म्हणून आधी ॲसिटोनच्या फडक्याने पुसा आणि ते उडून गेलं की लगेच पहिला कोट मारा, त्यात डब्यावर सांगितलेलं थिनर निम्म्याला निम्मं घाला म्हणजे लाकडात मुरेल. पुढचे कोट दाट करत न्या, एकूण 6 ते 8 तरी हवेतच, दोन कोटांच्या मध्ये 320 नंबरचा सँडपेपर मारा. स्टील वूल अजिबात नको, त्याचे कण अडकून गंजतात आणि तांबडे ठिपके उठतात. कडा आधीच गोल करून घ्या, धारदार कडेवर थर पातळ बसतो आणि तिथूनच सुटायला लागतो.

जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे तेव्हाच उरकून टाकावंसं वाटतं, पण त्या दमट हवेत थर नीट सुकत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, सकाळी दव वाळलं की सुरू करा, कडक उन्हात मारलं तर बुडबुडे येतात. आणि नंतर चकाकी मंद व्हायला लागली की लगेच हलका पेपर मारून दोन कोट द्या, थर फुटायची वाट बघू नका.